रेघेखालचा शब्द

एका चित्राला मी त्याच्या चित्रकाराच्या इच्छेविरुद्ध नाव दिले, आणि ते मी दिले ही गोष्ट तीस वर्षांहून अधिक काळ लपवून ठेवली. नाव म्हणजे एकच शब्द होता. एका सरकारी अर्जातल्या एका रकान्यात, निळ्या शाईने, माझ्या बऱ्यापैकी नीटस अक्षरात लिहिलेला. कोणत्याही कायद्याने याला गुन्हा म्हणता येणार नाही. त्यामुळेच तो माझ्याजवळ इतका काळ सुखाने राहू शकला असावा. ज्यांच्या बाबतीत मी हे केले त्यांच्याविषयी लिहायचे, तर सुरुवात या कबुलीपासूनच करायला हवी. नाहीतर पुढे मी त्यांचे जे कौतुक करीन, ते माझे मलाच खोटे वाटू लागेल.

त्यांना मी दारजी म्हणत असे. पंजाबात घरातल्या वडीलधाऱ्या शीख माणसाला असे म्हणतात. मी साताऱ्याकडचा, तेविसाव्या वर्षी चंदीगडच्या सेक्टर तीसमध्ये एका प्रयोगशाळेत तात्पुरत्या जागेवर लागलो होतो आणि मनीमाजऱ्याच्या जुन्या वस्तीत, एका बोळाच्या टोकाला, दारजींच्या घराची वरची खोली घेऊन राहत होतो. पंजाबातले ते वाईट दिवस होते. सकाळचे वर्तमानपत्र उघडण्याआधी बीजी, म्हणजे दारजींची पत्नी, 'वाहेगुरू' म्हणत आणि मगच घडी मोडत. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली असत. त्यांच्यामागे बंदूक असे, आणि बंदुकीमागे माझ्याच वयाचा, घरापासून माझ्याइतकाच लांब आलेला कोणी जवान.

पहिल्याच दिवशी दारजींनी मला विचारले, "काका, तू सरळ चालतोस की तिरका?"

मी त्यांच्या निम्म्याहूनही लहान, आणि हा पांढऱ्या होत आलेल्या दाढीचा माणूस मला काका म्हणतो, याचाच मला आधी धक्का बसला. पंजाबीत लहान मुलाला काका म्हणतात, हे बीजींनी मला नंतर हसू आवरत सांगितले. चालण्याचा प्रश्न मात्र दारजींनी गंभीरपणे विचारला होता. या शहराचे नकाशे ज्या कार्यालयात काढले जात, तिथे त्यांनी पंचवीस-तीस वर्षे ड्राफ्ट्समनची नोकरी केली होती. "इथले किती तरी सरळ रस्ते माझ्या हाताखालून गेलेत," असे ते सांगत, आणि लगेच, "माफी दे दे," असे जोडत. स्वतः ते शहरात नेहमी तिरके चालत. बाग आली की कोपऱ्यातून शिरून समोरच्या कोपऱ्यातून बाहेर. मैदान आले तरी तसेच. सेक्टरचे आकडे ते उच्चारत नसत. अमलतास, म्हणजे आपला बहावा, संपून जिथे कुसुंबाची झाडे सुरू होतात तिथे डावीकडे वळ, असा त्यांचा पत्ता असे, आणि हिवाळ्यात सगळी झाडे मला सारखीच दिसत असल्यामुळे मी हमखास चुकत असे.

नोकरी त्यांनी पन्नाशीत सोडली. कारण विचारले तर सांगत, "साहेबाने मला शहराच्या नकाशावर पोलिसांचे नाके दाखवायला सांगितले. मी म्हटलं, झाडाची खूण येते, विहिरीची येते, पुलाची येते. वाळूच्या पोत्याची खूण आम्हाला शिकवलेली नाही. साहेब म्हणाला, शिकून घे. मी म्हटलं, या वयात जी, आता डोकं चालत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. त्या दिवसापासून त्यांच्या घरात पट्टी नव्हती. बीजींना पडद्याचे कापड मापायचे असले तरी वितीने मापावे लागे.

"तीस वर्षं सरकारसाठी सरळ रेघा काढल्या," बीजी मला सांगत, "आणि आता माझ्या घरात एक पडदा सरळ नाही."

"खिडकीच वाकडी आहे," दारजी आतून ओरडत.

एकदा नाक्यावर जवानाने त्यांना पत्ता विचारला, तर म्हणाले, "सेक्टर तेरा." चंदीगडमध्ये तेव्हा तेरा नंबरचा सेक्टर नव्हता, आखणाऱ्यांनी तो आकडाच गाळला होता. बिचारा जवान वायरलेसवर वरिष्ठांना सेक्टर तेरा कुठे आहे हे विचारत राहिला आणि दारजी पोत्यांवर टेकून त्याला सांगत राहिले, "बघ बेटा, सापडला तर मलाही कळव." मी शेजारी उभा राहून घामाने भिजलो होतो. पुढे कितीतरी वर्षांनी मनीमाजऱ्यालाच सेक्टर तेरा असे नाव मिळाले, तेव्हा दारजींनी मला पत्रात एकच ओळ लिहिली होती : "जवानाला कळवायचं राहून गेलं."

ते चित्रे काढत. त्यात माणूस, झाड, घर असे काहीच नसे. पद्धत त्यांनी नोकरीतूनच उचलली होती. ट्रेसिंगच्या कागदावर शाईने चुकीची रेघ पडली तर ड्राफ्ट्समन ती खोडत नाही. दाढीच्या ब्लेडने हलकेच खरवडून काढतो. दारजी कॅनव्हासवर रंगाचे पंधरा-पंधरा थर देत, ते वाळू देत आणि मग अंगणात चारपाईवर बसून ब्लेडने दिवसेंदिवस खरवडत. कुठे दोन थर जात, कुठे दहा, कुठे थेट कापड दिसे. जे उरे ते चित्र. यासाठी त्यांना महिन्याला ब्लेडची पाकिटेच्या पाकिटे लागत. आयुष्यात एकदाही दाढी न केलेला हा सरदार बाजारातला ब्लेडचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होता. दुकानदार लाला दर वेळी तोच विनोद करी : "दारजी, खरं सांगा, आज तरी करणार ना?" आणि दारजी दर वेळी दाढीवर हात फिरवून म्हणत, "अजून भिजते आहे."

"खोडलं की डाग राहतो," ते मला समजावत. "खरवडलं की कागद पातळ होतो. वरून कळत नाही. पण उजेडासमोर धर, लगेच दिसेल कुठे चूक झाली होती ती." हे वाक्य मी तेव्हा चित्रकलेचा धडा म्हणून ऐकले.

चित्र म्हणजे काय, असे त्यांना विचारणे ही मोठी चूक असे. ते उलट विचारत, "तुला काय दिसतं?" आपण काही सांगितले की म्हणत, "मग ते तुझं. मला कशाला चिकटवतोस?" मला हा तिरसटपणा वाटे. त्यामागे काय होते हे मला एका दुपारी कळले, जेव्हा स्कूटरवरून दोन तरुण आले. त्यांनी खिशातून एक छायाचित्र काढले आणि याचे मोठे चित्र करून द्या, असे सांगितले. विनंतीसारखे सांगितले, पण ती विनंती नव्हती. फुटीरतावादी चळवळीत मेलेला कोणी एक होता. बीजी चहाचा पेला धरून स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

दारजींनी छायाचित्र बराच वेळ पाहिले. "चेहरा चांगला आहे," ते म्हणाले. "पण मला नाक येत नाही."

"नाक?"

"रेघा काढणारा माणूस मी. नाक आलं की अडकतो. ते बघा." त्यांनी भिंतीला लावलेली चित्रे दाखवली. "आहे कुठे एक तरी नाक?"

तरुणांनी सगळी चित्रे पाहिली. खरोखरच नाक नव्हते. जाताना त्यातला एक म्हणाला, "बाबा, मग हे सगळं आहे तरी काय?" आणि दारजी म्हणाले, "तुला काय दिसतं?" एका करड्या, जागोजागी खरवडलेल्या चित्रासमोर तो जरा जास्त वेळ उभा राहिला, एवढे मला आठवते.

पुढच्याच महिन्यात एक पोलीस अधिकारी चौकीच्या भिंतीवर शांततेचे कबुतर काढून द्या म्हणून आले. त्यांना दारजींनी सांगितले की पंख जमतात, चोच जमत नाही. "दोघांनाही चेहरा हवा असतो, काका," ते गेल्यावर दारजी मला म्हणाले. "एकदा चेहरा दिला की तो कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. म्हणून मी देतच नाही. हेच माझं भांडण, आणि एवढंच मला भांडता येतं."

त्यांच्या चित्रांच्या चौकटी बलकार सिंग नावाचा सुतार करून देत असे. आम्ही सगळे त्याला मिस्त्री म्हणायचो. तो शेजारीच राहायचा. दोन्ही अंगणांच्या मध्ये छातीइतक्या उंचीची भिंत होती आणि तिच्यावरून वाट्या, भांडणे आणि बातम्या येत-जात असत. तिशीचा, मोठ्याने हसणारा माणूस. चित्रांतले त्याला काही कळत नसे आणि ते तो लपवीत नसे. "दारजी, चौकट मी काटकोनात करतो," तो म्हणे, "आत तुम्ही काय गोंधळ घालायचा तो घाला." त्याची बायको जीतो रोज दुपारी बीजींकडे येऊन बसे. मी तिला भाभी म्हणत असे आणि ती माझ्या कांदेपोह्यांना 'पिवळा भात' म्हणून चिडवत असे.

एका दुपारी जीपमधून साध्या कपड्यांतले चौघे आले आणि मिस्त्रीला दुकानातून, दहा मिनिटांत आणून सोडतो म्हणून, घेऊन गेले. तो परत आला नाही. त्याच्याकडून कोणी कधी एखादे कपाट बनवून घेतले होते म्हणे, आणि ते कपाट चुकीच्या घरात सापडले होते. याहून जास्त आम्हाला कधी कळले नाही. जीतोला घेऊन दारजी एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरले. सगळीकडे उत्तर एकच : या नावाचा माणूस आमच्याकडे आणलेला नाही. तक्रार लिहून घ्या म्हटले, तर लिहून घेत नसत. शेवटच्या ठाण्यात दारजींनी रजिस्टर बघू द्या म्हटले. ठाणेदाराने ते उघडून दाखवले. त्या तारखेसमोर कोरे पान होते.

जीतोने नवऱ्याचा रंधा आणि पटाशी आणून दारजींच्या कोपऱ्यात ठेवली. "दुकान बंद असतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे राहू देत. तो आला की इथूनच घेईल."

त्यानंतरच्या हिवाळ्यात दारजींनी एक चित्र केले. ते दाराएवढे उंच होते. रंग सगळे लाकडाचे : देवदाराचा पिवळा, शिसवीचा काळपट, ओल्या भुशाचा तांबूस. ते त्यांनी असे खरवडले होते की पाहताना रंध्याखालून निघणाऱ्या पापुद्र्यांचा वास यावा. मधोमध हाताएवढी जागा थेट कापडापर्यंत कोरी होती. चौकट त्यांनी केली नाही. "चौकट करणारा आला की करू," असे म्हणून चित्र चार खिळ्यांवर टांगले. आणि त्यांनी ठरवले की हे एका सरकारी कला संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनाला पाठवायचे. इतकी वर्षे त्यांनी कधी कुठे चित्र पाठवले नव्हते.

"नाव काय द्यायचं?" मी विचारले. अर्ज भरण्याचे काम माझ्याकडे होते.

"नाव नाही. ठाण्याच्या रजिस्टरात बलकार सिंगचं नाव येत नाही, तोवर याच्यावरही येणार नाही."

"पण मग कळणार कसं कोणाला?"

"नाव असलं की माणूस वाचून पुढे जातो. नसलं की विचारतो. आणि कोणी विचारलं, की मला सांगता येतं. स्टेजवर, माईकसमोर, सगळ्यांदेखत विचारू देत. या शहरात असं विचारणारं दुसरं कोणी राहिलेलं नाही." त्यांनी माझ्या हातातून पेन घेतले आणि शीर्षकाच्या रकान्यात, पट्टीशिवाय, एक आडवी रेघ ओढली. इतकी सरळ रेघ मी हाताने काढलेली पुन्हा पाहिली नाही. भिंतीपलीकडून जीतो पाहत होती. तिने ती रेघ पाहिली, आणि बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच मी तिला मान हलवून होकार देताना पाहिले.

आता माझ्याविषयी. प्रयोगशाळेत माझी नोकरी कायम व्हायची होती आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी बाकी होती. आमच्याकडे एक नागपूरचे वरिष्ठ होते. त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगितले, "तू काहून त्या चित्रवाल्यासोबत ठाण्याठाण्यात फिरतो बे? एकदा का तुझ्या कागदावर कोणी काही लिहिलं, की झालं. घरी बाप वाट पाहून राहिला ना?" बाप खरोखरच वाट पाहत होता. ठाण्यांमध्ये मी दारजींसोबत केवळ दोनदा गेलो होतो. त्यानंतर काही ना काही कारण काढून टाळत गेलो.

अर्ज द्यायला मी एकटाच गेलो. खिडकीमागे एक कृश, मफलर गुंडाळलेले कारकून होते. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "शीर्षक नाही जी."

"चित्रकाराला द्यायचं नाही."

"हरकत नाही. शेवटच्या रकान्यात कारण लिहा. आणि खाली अर्ज सादर करणाऱ्याचं नाव, पत्ता, सही. म्हणजे तुमची."

कारकुनांच्या मागे स्टुलावर एक हवालदार बसला होता. त्या काळात सगळ्याच कार्यालयांत असे. तो आमच्याकडे पाहतही नव्हता; संत्रे सोलत होता. मी पेन हातात धरून उभा राहिलो. कारण काय आहे ते मला ठाऊक होते. ते एका ओळीत लिहिता आले असते. त्या ओळीखाली माझी सही आली असती, एवढीच गोष्ट होती. माझ्या मागे रांग होती. मी 'सद्भावना' असे लिहिले.

कसे लिहिले, तेही सांगतो, कारण तेच मला सर्वांत जास्त बोचते. अर्ज हिंदीतला होता. दारजींची रेघ तिथे होतीच. मी अक्षरे तिच्या खाली लटकवली. त्यांची रेघ माझ्या शब्दाची शिरोरेषा झाली, इतकी चपखल, की जणू ती त्यासाठीच ओढलेली असावी.

"वा," कारकून म्हणाले. "यंदाचा विषयच हा आहे."

घरी आल्यावर दारजींनी विचारले, "रेघ तशीच ठेवलीस ना?" मी म्हणालो, "हो दारजी." हे उत्तर अक्षरशः खरे होते. त्या खरेपणाचा आधार मी पुढे कित्येक वर्षे घेतला.

मी स्वतःची समजूत अशी घातली होती, की चित्राकडे कोणी पाहणारच नाही. चित्राला पहिले बक्षीस मिळाले. समारंभाला दारजी फिकट निळी पगडी बांधून गेले. वाटेत, बागेतून तिरके जाताना, ते एक वाक्य पुटपुटत पाठ करत होते. मी थोडा मागून चालत होतो आणि मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता : "याचं नाव नाही, कारण बलकार सिंग, वल्द दर्शन सिंग, सुतार, राहणार मनीमाजरा, याचं नाव कोणी लिहून घेत नाही." अजूनही वेळ होती. मी त्यांना थांबवू शकलो असतो. मी पावले मोजत चाललो.

मंचावर त्यांचे नाव पुकारले गेले आणि निवेदक म्हणाला, "विजेते चित्र : सद्भावना." टाळ्या झाल्या. दारजी माईककडे निघाले होते, ते मध्येच थबकले. कोणी तरी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, कोणी हार, आणि छायाचित्रकाराने त्यांना पाहुण्यांकडे वळवले. कोणी काही विचारले नाही. विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. दारजी तोंड किंचित उघडे ठेवून उभे होते आणि वर्तमानपत्रात ते आले तेही तसेच. पाहणाऱ्याला ते हसत आहेत असे वाटे. खाली ओळ होती : 'सद्भावना'तून शांततेचा संदेश देणारा चित्रकार.

जीतोला वाचता येत होते. त्या दुपारी ती आमच्या अंगणात आली ती शेवटची. कोपऱ्यातला रंधा आणि पटाशी तिने उचलून ओढणीत बांधली.

"बेटी," दारजी म्हणाले, "ते मी लिहिलं नाही."

"मग कोणी लिहिलं, दारजी?"

मी जिन्यात उभा होतो. तिने वाट पाहिली, मग म्हणाली, "शाल चांगली आहे," आणि गेली. 

दुसऱ्या दिवशी दारजी त्या कार्यालयात गेले आणि कारकुनांवर ओरडले. गरिबावर ते ओरडल्याचे मी एरवी कधी ऐकले नव्हते. मफलरवाल्या कारकुनांनी शांतपणे फाइल काढून अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. हे मला दारजींनीच संध्याकाळी सांगितले, ब्लेडने काहीतरी खरवडत, माझ्याकडे न पाहता.

"कारकून म्हणतो, त्याने लिहिलं नाही."

"मग कोणी लिहिलं असेल?" मी म्हणालो. हे वाक्य मी उच्चारले, हेही इथे नोंदवले पाहिजे.

ड्राफ्ट्समनला अक्षर ओळखायला किती वेळ लागतो? ते थोडा वेळ खरवडत राहिले. "रेघ माझी आहे," ते म्हणाले. "बाकीचं मला माहीत नाही." मग ब्लेड पुसून ठेवले आणि बीजींना हाक मारली, "काकाला चहा दे. त्याचा चेहरा उतरलाय."

त्यांनी माझे नाव जीतोला सांगितले नाही. तेव्हा नाही, आणि नंतरही कधी नाही. त्या वर्षांत लोक एकमेकांची नावे सांगत होते. मारामुळे, भीतीमुळे, कधी जुन्या वैरामुळे. आणि ज्यांची नावे सांगितली जात त्यांतले काही परत येत नसत. दारजींनी ठरवले होते की आपल्या तोंडून कोणाचेही नाव जाणार नाही. त्या नियमाचा फायदा मला मिळेल असे त्यांनी ठरवले नसणार. पण नियम त्यांनी माझ्यापुरता मोडला नाही, आणि मी त्याच्या आड उभा राहिलो. माझी पडताळणी झाली, नोकरी कायम झाली. सरकारी निवासात जागा मिळाली आणि काही वर्षांनी बदली घेऊन मी पुण्याला आलो. दर दिवाळीला पत्र पाठवायचो. दारजींची उत्तरे एका-दोन ओळींची असत. त्यांत त्या चित्राचा उल्लेख कधी नसे. बीजींच्या पत्रात एकदा होते : जीतो सणाला भिंतीवरून वाटी देते, पण आत येत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी गेलो. मी तिथे राहत होतो तेव्हा दारजी ज्या वयाचे होते, ते वय मी केव्हाच गाठले आहे, आणि त्या वयात माणसाला किती धैर्य लागते याचा मला आता थोडा अंदाज आहे. ते अंगणात उन्हात चारपाईवर बसले होते. दाढी पूर्ण पांढरी. हात थरथरतात म्हणून ब्लेड सुटले होते. मांडीवर संत्र्यांची परडी होती. कोपऱ्यातल्या भिंतीवर चार रिकामे खिळे अजून होते.

"ये काका. सरळ आलास की तिरका?"

"रिक्षाने आलो, दारजी."

"म्हणजे सरळ," ते खिन्नपणे म्हणाले.

स्वयंपाकघरातून बीजी स्वतःशीच पुटपुटल्या की याला साखर चालते की नाही कोण जाणे, आणि दारजींनी इकडून सांगितले, "घाल, घाल. मराठी लोक भातही पिवळा करून खातात, साखरेचं काय घेऊन बसलीस." भिंतीपलीकडे कपडे धुतल्याचा आवाज येत होता, थापीचा, एका लयीत.

मी त्यांच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसलो. जे बोलायचे ते रेल्वेत घोकून ठेवले होते. मी खाली पाहत म्हणालो, "दारजी, अर्जावर तो शब्द मी लिहिला होता."

"काय?" त्यांनी कानाला हात लावला. "मोठ्याने बोल. आता ऐकू येत नाही."

मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने.

"नाही समजलं," दारजी म्हणाले. ज्यांना स्वयंपाकघरातले पुटपुटणे ऐकू आले होते, त्यांचा हात कानावर तसाच होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते भिंतीकडे पाहत होते. "इतका हळू बोललास तर मला कसं ऐकू जाणार, काका?"

तेव्हा मला कळले. मी आयुष्यभर हळू बोलत आलो आहे आणि लोक त्याला सौम्यपणा म्हणत आले आहेत. मी उठलो, भिंतीपाशी गेलो, आणि माझा आवाज मलाच परका वाटेल इतक्या मोठ्याने बोललो. पहिल्या शब्दाला थापी थांबली.

"जीतोभाभी, त्या चित्राला दारजींनी नाव दिलं नव्हतं. त्यांनी फक्त रेघ ओढली होती, तुम्ही पाहिली होती ती. खालचा शब्द मी लिहिला. मला माझ्या नोकरीची भीती वाटली म्हणून लिहिला, आणि तुम्ही 'कोणी लिहिलं' म्हणून विचारलंत तेव्हा मी जिन्यात उभा होतो आणि गप्प राहिलो. बलकार सिंगचं नाव त्या दिवशी माईकवरून घेतलं जाणार होतं. ते माझ्यामुळे घेतलं गेलं नाही. दारजींचा यात काही दोष नाही. चूक माझी आहे, भाभी. मला माफ करा."